मदत हवी आहे: एक्स्पोर्ट केलं की मराठी कॅप्शन गायब

मंडळी, आठवीच्या विज्ञानाचे १२ व्हिडिओ तयार आहेत, पण एमपी४ एक्स्पोर्ट केलं की कॅप्शन गायब. एसआरटी (कॅप्शनचा मजकूर आणि वेळा असलेली फाइल) वेगळी काढली तर अक्षरांऐवजी नुसती प्रश्नचिन्हं! यूटीएफ-८ मध्ये (देवनागरीही सांभाळणारं एन्कोडिंग) सेव्ह केल्यावर व्हीएलसी प्लेअरमध्ये नीट दिसली. ब्राउझरला मात्र व्हीटीटीच (वेबसाठीची कॅप्शन फाइल) लागते. एका एसआरटी फाइलला वर 'वेबव्हीटीटी' (रोमन लिपीतच) लिहून, वेळेतले स्वल्पविराम काढून टिंबं टाकली, चाललं. बाकी ११ फायली हातानेच करत बसू का?

कॅप्शन व्हिडिओच्या चित्रातच छापून पाहिलं, तर 'किरण'ची वेलांटी क सोडून र ला चिकटली. शिवाय ती कॅप्शन बंदही करता येत नाहीत.

एफएफएमपेगने (कमांड देऊन व्हिडिओ-कॅप्शन फायली बदलायचं सॉफ्टवेअर) सगळ्या फायली एकदम कोणी बदलल्यात का? कमांड टाका ना. विंडोज वापरतो. सोमवारी शाळेला द्यायचंय.