पगाराला शंभरने गुणण्याआधी : श्टुटगार्टचा खर्च आणि घरचा खर्च

नेकारकाठ (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात साताऱ्याहून काकांचा फोन आला. चुलतभावाला जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात नोकरी लागली, महिना ४,००० युरो. काकांनी युरोचा भाव शंभर रुपये धरला आणि संध्याकाळपर्यंत भावकीत ‘महिना चार लाख’ अशी बातमी पोचली. सध्या तो चाकणला आहे, हातात ७५ हजार येतात. म्हणजे पगार पाचपटींहून जास्त, असा घरचा हिशेब.

मी इथे नऊ वर्षं राहतोय. हा हिशेब चुकीचा आहे आणि त्यामुळे इकडे येणाऱ्या मुलांची पहिली दोन वर्षं वाईट जातात, म्हणून हा धागा.

एकट्या माणसाचे ४,००० युरो हातात येईपर्यंत सुमारे २,६०० होतात. आयकर, पेन्शन, आरोग्यविमा, बेकारी विमा, वृद्धापकाळातल्या देखभालीचा विमा, सगळं आधीच कापून जातं. शहराबाहेर एका खोलीचं घर हीटिंगसकट ८५० युरो धरा. वीज, इंटरनेट, फोन १००. घरात टीव्ही असो-नसो, रेडिओ-टीव्हीची वर्गणी दरमहा १८.३६. देशभर लोकल गाड्या आणि बस चालणारा पास २०२३ साली ४९ युरोला सुरू झाला, २०२५ मध्ये ५८ झाला, आता ६३. किराणा २८०. कपडे, बाहेरचं खाणं, भारताच्या तिकिटासाठी बाजूला टाकायचे पैसे मिळून आणखी ३५०. उरले ९००-९५०.

चाकणला तो ३५ हजार बाजूला टाकतो. इथे ९० हजार पडतील. अडीचपट. चांगलंच आहे, पण पाचपट नाही. आणि हे पहिल्या वर्षी होत नाही, कारण घरमालकाला तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत द्यावी लागते आणि पुष्कळ घरांत स्वयंपाकघर रिकामं असतं. रिकामं म्हणजे खरोखर रिकामं. ओटा, सिंक, शेगडी, काही नाही. भिंतीतून दोन नळ बाहेर आलेले असतात.

माझं पहिलं वर्ष असं गेलं की केस कापायला २५ युरो म्हणजे अडीच हजार रुपये, म्हणून मी स्वतःच कात्रीने कापले. पहिल्या थंडीत पुण्याहून आणलेल्या स्वेटरवर काढलं आणि महिनाभर खोकत होतो. खर्चाला शंभरने गुणलं की माणूस उपाशी राहतो, पगाराला गुणलं की घरच्यांच्या अपेक्षा वाढतात. माझं मत स्पष्ट आहे: दोन्हीकडे गुणाकार बंद करा.

अधिक-उणे

धागाकर्त्याशी सहमत, आणि त्याला अर्थशास्त्रात आधारही आहे. क्रयशक्तीच्या हिशेबाने जर्मनीत एका युरोला जेवढं मिळतं, तेवढं भारतात ढोबळमानाने तीस रुपयांत मिळतं. त्या भावाने २,६०० युरो म्हणजे ७८ हजार. चाकणचे ७५ हजार आणि हे जवळपास सारखेच.

कारण साधं आहे. कांदे, दूध, मोबाइल यांचे भाव दोन्हीकडे फार लांब नाहीत. तिथे दूध लिटरला एक युरोच्या आसपास, पुण्यात साठ-सत्तर रुपये. पण जिथे माणसाचा वेळ विकत घ्यायचा असतो तिथे भाव दहापट होतो. न्हावी, प्लंबर, स्वयंपाकाच्या ताई. जर्मनीत किमान वेतनच आता तासाला १३.९० युरो आहे. बलासा आणि सॅम्युएल्सन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ साली हेच वेगवेगळं मांडलं होतं: ज्या देशात कारखान्यातला कामगार जास्त उत्पादन काढतो तिथे न्हाव्याचीही मजुरी वर जाते, त्याची कात्री तीच असली तरी.

बाणेर परत

मी पूर्ण असहमत. अधिक-उणे, तुमचा तीस रुपयांचा भाव देशातल्या सगळ्या माणसांच्या सरासरी टोपलीचा आहे. चाकणचा इंजिनिअर ती टोपली घेऊन बाजारात जात नाही. त्याला हप्त्यावर फ्लॅट घ्यायचाय, गाडी घ्यायचीय, उद्या पोराला इंग्रजी शाळेत घालायचंय. या तिन्ही गोष्टी पुण्यात तीस रुपयांच्या भावाने मिळत नाहीत.

आम्ही सात वर्षं तिकडे राहून २०२२ साली परतलो, दोन मुलं घेऊन. तिकडे सरकारी शाळेला फी नव्हती. इथे एकेका मुलाचे वर्षाला १ लाख ८० हजार, बस वेगळी. तिकडे दोन मुलांचं किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी मासिक भत्ता, खात्यात यायचं, २०२५ मध्ये तर ते प्रत्येकी २५५ युरो झालं होतं असं मित्र सांगतात. तिकडे माझ्या एका पगारावर बायको आणि मुलं आरोग्यविम्यात जास्तीचा एक पैसा न भरता होती. मुलगा न्यूमोनियाने नऊ दिवस दवाखान्यात होता, एक कागद सही करण्यापलीकडे मला काही करावं लागलं नाही. मोठ्या माणसालाही दिवसाला १० युरो पडतात आणि तेही वर्षात फार तर २८ दिवस. इथे वडिलांच्या अँजिओप्लास्टीला दारात आधी अनामत विचारली. रात्री साडेअकरा वाजता मी मित्रांना फोन करून पैसे गोळा करत होतो. ती रात्र मी विसरलेलो नाही.

फ्लॅट घेतला तेव्हा नुसतं मुद्रांक शुल्क सात टक्के. एप्रिल-मे मध्ये सोसायटीला टँकरचं पाणी, त्याची वेगळी वर्गणी.

एकट्या पोराचा हिशेब करून धागा काढलात. चौघांच्या कुटुंबाचा काढा. तिकडे महाग वाटतं ते सुटं-सुटं महाग आहे, आणि इथे स्वस्त वाटतं ते सुटं-सुटं स्वस्त. मोठ्या रकमा उलट्या पडतात.

माणदेशी

‘घरचा खर्च’ म्हणून सगळे बाणेर आणि चाकणच का धरतायत? धागाकर्त्याचे काका साताऱ्याचे आहेत ना? आमच्या दहिवडीला दोन खोल्यांचं भाडं आजही चार-पाच हजार आहे. या मुलाचं घर सातारा जिल्ह्यात, तर तुलना तिथल्या खर्चाशी करा.

बाणेर परत

@माणदेशी, खर्च दहिवडीचा धरायचा तर पगारही दहिवडीचा धरावा लागेल. दहिवडीत डिझाइन इंजिनिअरला ७५ हजार कोण देतं?

माणदेशी

कोणी देत नाही, मान्य. तेच तर दुखणं आहे. पण मग ‘परदेश विरुद्ध घर’ असं म्हणू नका. पोरगं साताऱ्यातून चाकणला गेलं तेव्हाच घर सुटलं. आईला कळतं ते एवढंच, की आधी दिवाळी-गणपतीला यायचा, आता दोन वर्षांतून एकदा येईल.

कृष्णाकाठ

मी सांगलीजवळची, इथे नर्सिंगच्या आउसबिल्डुंगच्या (पगारी प्रशिक्षणाच्या) तिसऱ्या वर्षाला आहे. हातात १,२०० युरोच्या आसपास येतात. वसतिगृहातली खोली ३८०. मी दरमहा ३०० युरो घरी पाठवते.

नेकारकाठ दादा, तुमचं सगळं पटलं, एक सोडून. गुणाकार बंद करा म्हणता, पण माझे ३०० युरो वडिलांच्या खात्यात पोचतात तेव्हा ते ३० हजारच असतात. क्रयशक्तीच्या भावाने नऊ हजार होत नाहीत. जर्मनचे क्लास, परीक्षा आणि एजंट मिळून आम्ही साडेचार लाखांचं कर्ज काढलं होतं. बँक क्रयशक्ती विचारत नाही. ते कर्ज या मार्चमध्ये फिटलं. सांगलीत खाजगी हॉस्पिटलात मला १४ हजार सांगितले होते, त्यातून ते कधी फिटलं असतं तुम्हीच सांगा.

२०२४ साली महाराष्ट्र सरकारने आमच्या या राज्याशी, बाडेन-व्युर्टेम्बर्गशी, १० हजार कुशल माणसं पाठवायचा करार केला. मी त्यातून आलेली नाही, पण तेव्हापासून ओळखीच्या मुलींचे मेसेज थांबत नाहीत. त्यांना ‘महाग आहे, येऊ नका’ असंही सांगता येत नाही आणि ‘लाखो मिळतात’ असंही नाही. मी त्यांना एवढंच विचारते, घरी किती पाठवायचेत? तिथून मागे हिशेब करत या.

अधिक-उणे

@कृष्णाकाठ, तुमचा मुद्दा माझ्या गणितात नव्हता आणि तो बरोबर आहे. खर्च होणारा युरो तिथल्या बाजारात मोजायचा, भारतात पोचणारा युरो बँकेच्या भावाने. दोन वेगळे भाव आहेत आणि मी सगळ्या पगाराला एकच लावला. ७८ हजारांचा आकडा मागे घेतो.

नेकारकाठ

@कृष्णाकाठ, मीही चुकलो. वर मी स्वतःच ९०० युरोंचे ९० हजार केले आणि खाली गुणाकार बंद करा म्हणालो. पगाराला गुणायचं नाही, खर्चाला गुणायचं नाही, शिलकीला गुणायचं. तेही ती भारतात जाणार असेल तरच. जो इथेच घर घेऊन राहणार त्याची शिल्लकही इथल्याच भावात जाते.

@बाणेर परत, कुटुंबाचं म्हणणं बव्हंशी मान्य. पण एक रकाना तुम्ही सोडलात. इथे बायकोला भाषा येऊन नोकरी लागेपर्यंत दोन-तीन वर्षं सहज जातात, कीटात, म्हणजे पाळणाघरात, मुलाला जागा मिळत नाही म्हणून आणखी एक. पुण्यात माझी बायको ५५ हजार कमवत होती. ते पैसे आमच्या हिशेबात कुणीच कधी धरले नाहीत, तिनेसुद्धा नाही. तीन वर्षांनी तिनेच एका रात्री कागदावर मांडले तेव्हा मला कळलं की आम्ही किती मोठी रक्कम सोडून बसलो होतो.

गोदावरी ७१

मी नाशिकची, वय ७१. मुलगा २०१८ पासून तिकडे. तुमच्या सगळ्यांच्या वह्यांमध्ये आमचा खर्च कुठे आहे ते शोधत होते.

यांना पक्षाघात झाला त्या दिवशी मुलगा १,१०० युरोचं तिकीट काढून आला. आता चोवीस तासांची बाई आहे, महिना २५ हजार, ते तो पाठवतो. आम्हाला तिकडे राहायला न्यायचं तर १८० दिवसांत ९० दिवस, पाहुणा व्हिसावर. नवा कायदा आलाय, त्यात आईवडिलांना नेता येतं, पण तो १ मार्च २०२४ ला किंवा त्यानंतर पहिला परवाना मिळालेल्यांना. शिवाय आमच्या वयाला तिकडचा सरकारी आरोग्यविमा मिळत नाही, खाजगी घ्यावा लागतो, त्याचा आकडा ऐकून मीच नको म्हटलं.

मी तक्रार करत नाही. त्याने जावं असं आम्हीच म्हणत होतो. फक्त हिशेब मांडताना हा खर्च ‘अचानक आलेला’ म्हणून मांडू नका. आईवडील म्हातारे होणार हे आधीपासून ठाऊक असतं.

बाणेर परत

ताई, आम्ही परतलो त्याचं हेच कारण. पैशाच्या हिशेबात परतणं तोट्याचं होतं आणि आजही आहे. तरी वडिलांच्या त्या रात्री मी इथे होतो.

वाकडची वहिनी

इतका वेळ वाचतेय. पुण्यात मदत स्वस्त आहे असं सगळे म्हणतात. आमच्याकडे धुणं-भांडी करणाऱ्या ताई चार घरची कामं करून १४ हजार मिळवतात. त्यांच्या मुलीची क्लासची फी वर्षाला ४० हजार आहे. आपल्याला जे स्वस्त पडतं ते त्यांना पडत नाही. जर्मनीत तास १३.९० म्हणतात तेव्हा मला तो आकडा महागाईचा वाटत नाही.

माणदेशी

वहिनी, पटलं. पण त्या चार घरांनी काम बंद केलं तर ताईंचं काय? दर वाढवा म्हणा, ते बरोबर. आमच्याकडे तर असं काम द्यायलाही घरं नाहीत.

वाकडची वहिनी

काम बंद करा असं मी म्हणतच नाहीये. आठवड्याची सुट्टी आणि आजारपणाचा पगार द्या म्हणतेय. तिकडे आजारी पडलं तर सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो असं माझी बहीण सांगते. आपण दोन दिवसांचे पैसे कापतो.

नेकारकाठ

काल रात्री काकांना फोन केला. धाग्यातलं सगळं सांगितलं नाही, हातात येणारी रक्कम, खर्च आणि उरलेले तेवढं सांगितलं. कृष्णाकाठ म्हणाल्या तसं मागून सुरुवात केली: घरी किती हवेत? काका जरा गप्प बसले आणि म्हणाले, विहिरीचं कर्ज आहे, महिना १८ हजार. बाकी त्याचं त्याने बघावं. म्हणजे १८० युरो. हे जमण्यासारखं आहे. फक्त पहिले सहा महिने मागू नका, अनामत आणि स्वयंपाकघर व्हायचंय, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. गोदावरी ताईंचं वाचून चुलतभावाला तिकिटासाठी वेगळं खातं काढायला सांगितलंय, त्याला हात लावायचा नाही.

एक प्रश्न त्याने विचारलाय तो इथे टाकतो. पाच वर्षांत परतायचं ठरवलं तर पेन्शनचे कापलेले पैसे बुडतात का?

अधिक-उणे

बुडत नाहीत. ६० महिने भरायच्या आत कायमचा परतला तर साधारण दोन वर्षं थांबून स्वतःचा हिस्सा परत मागता येतो, मालकाचा हिस्सा मिळत नाही. ६० महिने पूर्ण झाले की मात्र परतावा नाही, निवृत्तीच्या वयाला पेन्शन. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून लागू आहे, तो त्याने निघण्याआधी नीट वाचावा. चार वर्षं अकरा महिने आणि पाच वर्षं एक महिना यांत मोठा फरक पडतो.

कृष्णाकाठ

दादा, तो ऑक्टोबरात येणार असेल तर जाड जॅकेट पुण्यात घेऊ नका म्हणावं. इथे जुन्या कपड्यांच्या दुकानात ३० युरोला चांगलं मिळतं. कुकर, तवा आणि सहा महिने पुरेल इतका काळा मसाला आणायला सांगा. माझ्या मजल्यावरच्या एका मुलीचा रिकाम्या घरातला ओटा विकायचाय, १५० युरोला देतेय. त्याला चालणार असेल तर मी तिला थांबायला सांगते.