मदत हवी आहे: व्हेंजन्स पॅलाडिनचा टीफलिंगद्वेष खरा वाटला पाहिजे, पण टेबलावर कोणाला त्रास नको

नमस्कार मंडळी, डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर खेळायचा रोलप्ले गेम) पाचवी एडिशन, २०१४ चं पुस्तक. माझं कॅरेक्टर ओरेन, ह्युमन पॅलाडिन, म्हणजे शपथेतून दैवी ताकद मिळवणारा योद्धा, शपथ ओथ ऑफ व्हेंजन्स (सूडाची), सध्या लेव्हल ५. बॅकस्टोरी थोडक्यात सांगतो. एका पंथाने ह्याच्या मठात डेव्हिल बोलावला, सगळे मेले, हा एकटा वाचला आणि त्या पंथाची म्होरकी टीफलिंग (पूर्वजांकडून डेव्हिलचा अंश आलेली जमात) होती. तेव्हापासून शिंगं आणि शेपटी दिसली की ह्याचा हात तलवारीवर जातो. आणि आमच्या पार्टीत एक टीफलिंग वॉरलॉक (करार करून जादू मिळवणारी) आहे, नीक्स, जी माझी मैत्रीण खेळते.

हे ठरवून केलेलं आहे. सेशन झिरोला, म्हणजे खेळ सुरू करण्याआधीच्या बैठकीत, आम्ही दोघं आणि डीएम (खेळ चालवणारा) नीट बोललो, तिला ही गोष्ट आवडली, तिनेच सुचवलं की ओरेनने तिच्यावर अजिबात विश्वास ठेवू नये. त्यामुळे 'परवानगी घेतली का' हा प्रश्न नाहीये. प्रश्न असा आहे की कॅम्पेन आता रंगात आलंय आणि हा द्वेष पुढे न्यायचा कसा ते कळत नाहीये.

आधी मी काय करतोय ते सांगतो. शिवीगाळ जवळजवळ बंद ठेवलीय. कारण आम्ही मराठीत खेळतो, आणि 'तुझ्या रक्तातच आहे ते' किंवा 'तुम्ही लोक असलेच' ही वाक्यं ओरेनच्या तोंडून निघाली की ती डेव्हिलच्या जगातली राहतच नाहीत, अशी वाक्यं प्रत्येकाने कुठे ना कुठे ऐकलेली असतात, काहींनी स्वतःबद्दल ऐकलेली असतात. म्हणून द्वेष वागण्यात दाखवतो. रात्री पहारा वाटताना नीक्सच्या पाळीत ओरेन झोपत नाही, तिने उघडलेल्या दारातून सगळ्यात शेवटी जातो, तिने आणलेली बातमी दुसऱ्या कोणाकडून तरी पक्की करून घेतो. ले ऑन हँड्सचे (स्पर्शाने बरं करण्याची शक्ती) माझ्याकडे २५ पॉइंट आहेत, त्यातला एक पॉइंट खर्चला तरी शून्य हिट पॉइंटवर पडलेला माणूस उठतो, तर तो नीक्सला उठवतो, पण एकाच पॉइंटने. मरू देत नाही, त्याहून जास्त काही देत नाही. हे माझ्या मते कोणत्याही शिवीपेक्षा जास्त बोचतं आणि खेळही अडत नाही, कारण तिची टर्न वाया जात नाही.

सगळ्यात जास्त मजा डिव्हाइन सेन्समध्ये येते. तिसऱ्या एडिशनमध्ये पॅलाडिनला हवं तेव्हा डिटेक्ट ईव्हिल करता यायचं, म्हणजे समोरचा ईव्हिल आहे का नाही ह्याचं उत्तर पॉवरच द्यायची. पाचवीत तसं नाही, डिव्हाइन सेन्स ६० फुटांतले सेलेस्टियल (देवदूतासारखे), फीन्ड (डेव्हिल वगैरे) आणि अनडेड कळवतो, मनात काय आहे ते सांगत नाही. आणि टीफलिंग नियमाने ह्युमनॉइड (माणसांसारख्या जमातींचा प्रकार) आहे, फीन्ड नाही. त्यामुळे ओरेन रोज सकाळी नीक्सकडे बघून डिव्हाइन सेन्स वापरतो आणि रोज काहीच येत नाही. स्माइटचंही (वारात दैवी ताकद ओतण्याची शक्ती) तेच, फीन्ड आणि अनडेडवर जो जादा डी८ (आठ बाजूंचा फासा) मिळतो तो टीफलिंगवर मिळत नाही. म्हणजे त्याच्या स्वतःच्या शक्ती त्याला सांगतायत की ही ती नाही, आणि तो अर्थ काय काढतो, तर ही लपवण्यात पटाईत आहे. मला द्वेष असाच दाखवायचाय, पुरावा समोर असतो आणि माणूस त्यातूनही आपल्याला हवं तेच वाचतो.

आता अडचणी.

एक म्हणजे ऑरा. लेव्हल ६ ला ऑरा ऑफ प्रोटेक्शन येतो, मी शुद्धीवर असेन तोवर १० फुटांतल्या फ्रेंडली क्रीचरला सेव्हिंग थ्रोवर (धोक्यातून वाचण्यासाठी टाकायचा फासा) माझा करिश्मा मॉडिफायर मिळतो, माझा +३ आहे. आमच्या डीएमचं म्हणणं की फ्रेंडली कोण हे पॅलाडिन ठरवतो, म्हणजे मी नीक्सला बाहेर ठेवू शकतो, रोलप्लेला धरून होईल. मला हे पटत नाही. एक तर +३ काढून घेणं ही तिच्या कॅरेक्टरला नाही, तिला स्वतःला शिक्षा आहे, फायरबॉल आला की तोटा तिचा. आणि मला उलटंच जास्त भारी वाटतं, की ओरेनची इच्छा नसताना ऑरा तिला झाकतो. पाचवीत पॅलाडिनची ताकद शपथेतून येते, मग शपथेनेच तिला आपलं मानलं तर ओरेनने करायचं काय? तो तिच्यापासून मुद्दाम ११ फूट लांब उभा राहील का? का सगळ्यांसमोर कबूल करायला नको म्हणून गप्प बसेल? हा सीन कसा उभा करावा ह्यावर कोणी विचार केला असेल तर प्लीज लिहा.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे आणि ती माझ्या हातात नाही. आत्तापर्यंत कॅम्पेनमध्ये भेटलेला प्रत्येक टीफलिंग एनपीसी (डीएम चालवतो ते पात्र) वाईट निघालाय. डीएमचा हेतू चांगला आहे, त्याला माझ्या बॅकस्टोरीला खाद्य द्यायचंय. पण जग जर दर वेळी ओरेनला बरोबर ठरवत असेल तर तो पूर्वग्रह राहतच नाही, तो अनुभव होतो, आणि नीक्स फक्त 'अपवाद' बनते, जे मला सगळ्यात वाईट वाटतं. मला वाटतं जगात साधे टीफलिंग हवेत, दुकानदार, भांडकुदळ म्हातारी, कर बुडवणारा, कोणीही, ज्यांचा डेव्हिलशी काडीचा संबंध नाही. आणि मठाचं दार आतून उघडणारा ओरेनच्याच ऑर्डरमधला एक ह्युमन असावा. व्हेंजन्सच्या शपथेत 'मोठ्या वाईटाशी लढ' हे आधी येतं, मग मोठं वाईट नेमकं कोण हा प्रश्न त्याच्या गळ्यात पडला पाहिजे. हे डीएमला कसं सांगू? त्याची गोष्ट मी हायजॅक करतोय असं वाटायला नको.

तिसरं, बाकीचं टेबल. मैत्रीण मजेत आहे, सेशन संपला की आम्ही दोघं त्याच सीनवर गप्पा मारतो. पण आमचा क्लेरिक खेळणारा मित्र ओरेन आणि नीक्सचं वाजलं की एकदम शांत होतो, डाइसशी खेळत बसतो. एक्स-कार्ड टेबलावर आहे, कोणीही हात लावला की सीन तिथेच सोडायचा आणि कारण विचारायचं नाही, पण त्याने कधी हात लावलेला नाही. काही लोक लावतच नाहीत, दोघं रंगात आलेत तर आपण कशाला मोडता घालायचा म्हणून. त्याला एकट्याला गाठून विचारावं, का सगळ्यांसोबत लाइन्स अँड व्हेइल्स (काय खेळात नको आणि काय पडद्याआड ठेवायचं ते ठरवणं) परत एकदा करावं म्हणजे त्याच्यावर बोट येणार नाही? मी दुसऱ्या पर्यायाकडे झुकतोय. 'माझं कॅरेक्टर असंच वागेल' हे कारण मला द्यायचंच नाहीये, कॅरेक्टर मीच लिहिलंय, ते कसं वागेल हेही मीच ठरवतो.

शेवटचं, बदल किती हळू असावा? एका लढाईत नीक्सने जीव वाचवला आणि ओरेन रडून मिठी मारतो, असलं नकोय. मला वाटतं आधी सवयी सुटाव्यात, एका सकाळी तो डिव्हाइन सेन्स वापरायचं विसरतो आणि ते फक्त नीक्सच्या लक्षात येतं, असं काहीतरी. बोलणं खूप नंतर. आणि तिने माफ करायलाच हवं असं अजिबात नाही, तो निर्णय पूर्ण तिचा, मी तिला तसं सांगूनही ठेवलंय.

ज्यांनी असं कॅरेक्टर लांबपर्यंत खेळलंय किंवा डीएम म्हणून सांभाळलंय त्यांनी सविस्तर लिहा. नीक्सच्या बाजूने खेळलेल्यांचं तर आधी वाचायचंय, काय आवडलं आणि कुठे नकोसं झालं ते. पुढच्या सेशनला लेव्हल ६ होतोय, त्यामुळे निदान ऑराबद्दल तरी लवकर सांगा.