मदत हवी आहे: ४४३ या एकाच पोर्टवर वेबसाइट, एसएसएच आणि मारियाडीबी

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयाची पुस्तकसूची मी कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर चालवतो. सर्व्हर म्हणजे भाड्याचा एक व्हीपीएस (आभासी सर्व्हर), त्यावर डेबियन लिनक्स. मी शिकायला पुण्यात आहे आणि वसतिगृहाच्या नेटवरून बाहेर फक्त ८० आणि ४४३ हे वेबसाइटचे पोर्ट जातात, एसएसएचचा (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) २२ बंद. ग्रंथपाल काकूंचा संध्याकाळी फोन येतो, "अरे, पुस्तकाची नोंद होत नाहीये," आणि मला सर्व्हरवर जाताच येत नाही. फार वाईट वाटतं.

म्हणून एसएसएलएच बसवलं, म्हणजे एकाच पोर्टवर आलेल्या जोडण्या वेगवेगळ्या सेवांकडे पाठवणारा प्रोग्राम. ते ४४३ वर ऐकतं, वेबसाइट चालवणारा अपाची आता आतल्या ८४४३ वर आहे, एसएसएच २२ वरच. लॅपटॉपवरून दोन्ही झकास चालतंय. पण तीन ठिकाणी अडलोय:

१. फोनवरच्या ॲपमधून एसएसएच जोडायला दर वेळी बरोबर ५ सेकंद लागतात. एसएसएलएचचा टाइमआउट (वाट बघायची मुदत) मी ५ च ठेवलाय.
२. मारियाडीबी हा डेटाबेसही त्याच पोर्टवरून हवा होता. क्लायंट ५ सेकंद थांबतो आणि मग भलतीच चूक दाखवतो.
३. लॉगमध्ये प्रत्येक पत्ता १२७.०.०.१, म्हणजे सर्व्हरचा स्वतःचाच, दिसतो. चुकीचे पासवर्ड टाकणाऱ्यांना अडवणारं फेल२बॅन स्वतःच्या मशीनला अडवत नाही, म्हणजे पासवर्ड चाचपणारे मोकाट.

कुठे चुकतंय?

प्रतिसाद

तुमचं १ आणि २ मुळात एकच आहे. एसएसएलएच जोडणी कुठे पाठवायची हे ठरवतं ते क्लायंटचे पहिले काही बाइट वाचून. टीएलएसची (सुरक्षित वेबसाइटचं एन्क्रिप्शन) सुरुवात १६ ०३ या हेक्स बाइटांनी होते. एसएसएच क्लायंट 'एसएसएच-२.०' अशी ओळख पाठवतो. पण ही ओळख कोणी आधी सांगायची हे एसएसएचमध्ये ठरलेलं नाही. तुमचं फोनचं ॲप सर्व्हर बोलायची वाट बघतं. दोघेही गप्प. ५ सेकंद संपले की एसएसएलएच गप्प बसलेल्याला एसएसएचकडे पाठवतं, म्हणून उशिरा का होईना, जोडलं जातं. टाइमआउट २ करून बघा.

मारियाडीबीत पहिलं बोलणं कायम सर्व्हरचंच. त्यामुळे तुमचा क्लायंट गप्प राहतो, एसएसएचच्या दारात जाऊन पडतो आणि तिथली ओळख वाचून गोंधळतो. एसएमटीपी (ईमेल), एफटीपी (फाइल पाठवणं) यांचंही तेच. असे प्रोटोकॉल या पद्धतीने ओळखता येत नाहीत, त्यामागे वेळ घालवू नका. एसएसएच चालतंय ना? मग त्यातूनच लोकल फॉरवर्डिंगने (सर्व्हरचा पोर्ट एसएसएचच्या आतून आपल्या मशीनवर आणणं) मारियाडीबीचा ३३०६ लॅपटॉपवर आणा. डेटाबेस बाहेर उघडा ठेवावाच लागणार नाही, आणि ते जास्त बरं.

प्रतिसाद

तिसऱ्यासाठी एसएसएलएचचा ट्रान्सपरंट मोड आहे. त्यात अपाचीला खरा पत्ता दिसतो, पण मग उत्तराची पॅकेट्स थेट बाहेर पळतात आणि क्लायंट ती ओळखत नाही. ती आयपीटेबल्सने (लिनक्सचे पॅकेट-नियम) खूण करून, वेगळ्या रूटिंग टेबलातून परत लूपबॅकवर (सर्व्हरच्या आतल्या आत) आणावी लागतात. दुसरा मार्ग एसएसएलएचऐवजी एचएप्रॉक्सी: प्रॉक्सी प्रोटोकॉलने पाठवलेला खरा पत्ता अपाचीचं रिमोटआयपी मॉड्यूल वाचतं. ओपनएसएसएचला (सर्व्हरवरचा एसएसएच प्रोग्राम) मात्र तो प्रोटोकॉल कळत नाही.

काहीही निवडा, पण आज रात्री आधी पासवर्डने लॉगिन बंद करा, फक्त की (पासवर्डऐवजी वापरायची किल्ली-फाइल) ठेवा. वाचकांचे पत्ते, फोन नंबर त्या डेटाबेसमध्ये असतील.

आणि वसतिगृहाच्या नेटवर्क विभागाला एकदा विचाराच. एसएसएचची पहिली ओळ उघड मजकुरात जाते, बघणाऱ्याला ४४३ वरही दिसते.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. की रात्रीच लावली. फॉरवर्डिंगने डेटाबेस उघडला तेव्हा अक्षरशः हायसं वाटलं. नेटवर्क विभागाला अर्ज दिलाय.

ट्रान्सपरंट मोडही लागला, लॉगमध्ये खरे पत्ते येतायत. पण सर्व्हर रीबूट केला की रूटिंगचे नियम पुसले जातात आणि साइट बंद पडते. ते कुठे लिहून ठेवायचे?

प्रतिसाद

एसएसएलएचच्या सिस्टिमडी युनिटमध्येच (सेवा कशी सुरू-बंद करायची ते सांगणारी फाइल), सेवा सुरू होण्याआधी चालणाऱ्या आज्ञा म्हणून. थांबताना काढून टाकायच्या आज्ञाही तिथेच लिहा, नाहीतर सेवा रीस्टार्ट केली की तेच नियम दुसऱ्यांदा लागतात.