लग्नाआधीचा करार (प्रीनप) करायचाय. दोघांना एकच वकील चालेल का?

दोनसह्या: लग्न ठरलंय, पाच महिने हातात आहेत. माझ्या नावावर कर्जाचं घर आहे आणि त्याची भावाबरोबर भागीदारीत फर्म आहे. कोणाचं काय, हे आधीच लिहून ठेवावं असं दोघांनाही वाटतं. भांडण नाही, संशय नाही. (घरच्यांना सांगितलं तर "आत्ताच मोडायची तयारी का?" हे ऐकावं लागेल, त्यावर वेगळा धागा काढेन.) त्याच्या ओळखीतले एक वकील म्हणतात, दोघांचं मिळून मीच करून देतो, खर्चही वाचेल. असं करावं का? शिवाय लग्नानंतर दुसऱ्या देशात जायची शक्यता आहे, मग वकील कुठला धरायचा? नेटवर तयार नमुनेही दिसतात, ते वापरलेत का कोणी?

टिपणवही: नमुना वाचायला घ्या, सही करायला नको. मी उतरवून घेतलेल्या नमुन्यात आमच्याशी काडीचा संबंध नसलेली तीन कलमं होती आणि माझ्या घराच्या हप्त्यांबद्दल एक ओळ नव्हती.

जुनाफायलवाला: कौटुंबिक दाव्यांच्या कचेरीत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. ओळखीतल्या वकिलांचा हेतू चांगला असेल, पण दोघांसाठी एकच वकील नकोच. तुझ्या फायद्याचं कलम त्याच्या तोट्याचं असतं. एकच माणूस दोघांना "सही करा" सांगतो तेव्हा तो नक्की कोणाचा वकील? पुढे वाद झाला तर करार पाडायला पहिलं बोट तिथेच ठेवलं जातं. मसुदा एकाने करावा, दुसऱ्याच्या वकिलाने तो स्वतंत्रपणे तपासावा आणि आपल्या अशिलाला एकट्याला बसवून समजावावा. खर्च वाढतो, मान्य.

आणि वेळ. कॅलिफोर्नियात अंतिम मसुदा हातात पडल्यापासून सहीपर्यंत किमान ७ दिवस जावे लागतात. इंग्लंडच्या विधी आयोगाने २०१४ मध्ये सुचवलं की लग्नाआधीचे २८ दिवस अशी सही नकोच. तुमच्याकडे पाच महिने आहेत, ते वाया घालवू नका.

उलटतपासणी: थोडी भर, थोडा विरोध. स्वतंत्र वकील होता म्हणजे करार पक्का, असं नाही. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाचा २०१७ चा थॉर्न विरुद्ध केनेडी निकाल बघा. नवरी परदेशातून आलेली, नवरा गडगंज, लग्न चार दिवसांवर, तिचे आईवडील विमानाने येऊन बसलेले. तिच्या स्वतंत्र वकिलाने स्वच्छ सांगितलं होतं, सही करू नकोस. तिने केली, कारण नाही म्हणाली असती तर लग्नच झालं नसतं. तो करार न्यायालयाने रद्द ठरवला. उलट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या रॅडमाखर प्रकरणात नवऱ्याने स्वतंत्र सल्ला घेतलाच नव्हता, तरी त्याच्यावर करार लागू झाला, कारण आपण कशावर सही करतोय हे त्याला कळत होतं. तेव्हा नुसता वकिलाचा शिक्का बघत नाहीत. समजून केली का आणि नाही म्हणायची मोकळीक होती का, हे बघतात.

जुनाफायलवाला: बरोबर. पण समजून केली होती हे दहा वर्षांनी दाखवणार कशावरून? त्यासाठीच वकिलाचं पत्र फायलीत हवं.

पावणेपाच: आम्ही दोन वर्षांपूर्वी केला. माझी वकीलबाई कमी बोलायची. पहिल्या भेटीत कलमांचा विषयच काढला नाही. कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाली, "आहे ते लिहा. देणं आधी." मी घर, ठेवी, गाडी लिहून मोकळी झाले. मग तिने विचारलं, "कोणाला जामीन राहिलाय का?" मी नाही म्हटलं. तोच प्रश्न त्याच्या वकिलाने त्याला विचारला, तेव्हा समजलं की भावाच्या कर्जावर त्याची सही आहे. लपवायचं नव्हतं हो, "ते कर्ज काय माझं आहे का" असं त्याला मनापासून वाटत होतं! आठवडाभर आमचं बोलणं तुटक होतं. शेवटी ती सही कराराच्या परिशिष्टात रकमेसकट गेली. तुमच्याकडेही भावाबरोबर फर्म आहे म्हणून मुद्दाम सांगते, विचारा. परिशिष्टात काही दडवलेलं निघालं तर अख्खा करार डळमळतो.

वकील निवडताना मी दोन गोष्टी विचारल्या होत्या. असे करार तुम्ही नुसते लिहिता की मोडतानाही कोर्टात उभे राहिला आहात? आणि यातलं कुठलं कलम टिकणार नाही? दुसऱ्यावर जो "सगळं टिकेल" म्हणाला, त्याच्याकडे परत गेले नाही.

टिपणवही: मुलांचा ताबा आणि मुलांचा खर्च त्यात लिहू नका. मुलांचं हित कोर्ट तेव्हाची परिस्थिती बघून ठरवतं, आईबापांच्या जुन्या सहीने ते बांधलं जात नाही.

उलटतपासणी: देशाचा प्रश्न राहिला. हा करार सगळीकडे सारखा चालत नाही. भारतात १८७२ च्या करार कायद्याचं कलम २३ आड येतं. सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून कोर्ट असा करार बाजूला ठेवू शकतं, तरी मालमत्तेची यादी पुरावा म्हणून उपयोगी पडते. गोव्यात मात्र पोर्तुगीज काळातली नागरी संहिता आहे आणि तिथे लग्नाआधीच्या कराराला रीतसर जागा आहे, पण एकदा लग्न लागलं की तो बदलता येत नाही. इंग्लंडमध्ये तो न्यायालयावर बंधनकारक नाही, पण वजन मोठं. म्हणून जिथे राहायला जाण्याची शक्यता जास्त, तिथल्या वकिलाला मसुदा एकदा दाखवाच. तिथे मृत्युपत्राचंही विचारा. काही देशांत लग्न लागताच आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं.

दोनसह्या: सगळ्यांचे आभार. ओळखीतल्या वकिलांना काल कळवलं की ते फक्त त्याचे, माझी मी वेगळी बघते. ते रागावले नाहीत, उलट म्हणाले, "मीच आधी सांगायला हवं होतं." आणि @पावणेपाच, रात्री जेवताना जामिनाचं विचारलं. घास हातातच थांबला त्याचा. दोन ठिकाणी आहे म्हणे. आता भावाकडून कागद मागवलेत.