आणखी एक कोर्स करू, की सुपरव्हिजन (अनुभवी थेरपिस्टकडून आपल्या केसेसवर मार्गदर्शन) घेऊ? (नाशिक)

गोदाकाठची: कॉलेज रोडला समुपदेशनासाठी केबिन घेऊन चार वर्षं झाली. एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी, वर सीबीटीचे दोन आणि आरईबीटीचा एक कोर्स (दोन्ही विचार-वर्तन बदलायच्या उपचारपद्धती). सर्टिफिकेटं फ्रेम करून लावलीत, त्यातलं एक कायम वाकडं.

मध्यंतरी एक वयस्कर गृहस्थ आले होते (तपशील बदललेत). बोलता बोलता थांबले. खिशातून रुमाल काढला, त्याची बारीक घडी केली, परत उलगडली. अर्धा मिनिट झाला असेल-नसेल, मला तेवढाही दम निघेना. झोप, चालणं, श्वासाचे व्यायाम, सगळं सांगून मोकळी झाले. "हो मॅडम" म्हणाले, रुमाल खिशात. पुढच्या वेळी आले नाहीत.

रात्री वहीत लिहिताना जाणवलं की कॉलेजची पोरं गप्प बसली तर मीही बसते. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या वयाचा माणूस गप्प झाला की माझं तोंड सुरू. द्राक्षबागेवर डावणी रोग आला त्या वर्षी अण्णा असेच खाली मान घालून जेवायचे आणि मी शाळेतल्या गमती सांगत सुटायचे.

पुढच्या महिन्यात ट्रॉमाचा कोर्स आहे, फी बावीस हजार. तो करू, की तेच पैसे सुपरव्हिजनला? नाशकात सगळे एकमेकांच्या ओळखीचे, हीच पंचाईत.

सातपूरकर: आधी पाटीवर काय लिहिलंय ते सांगा. नुसत्या एम.ए.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवता येत नाही, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते.

गोदाकाठची: 'समुपदेशक' एवढंच लिहिलंय, दादा.

जुनी_वही: ताई, बावीस हजार वाचवा. श्वासाचे व्यायाम येतात तुम्हाला, उगाच जास्तच येतात 🙂 फ्रॉइडने १९१०मध्ये काउंटरट्रान्सफरन्स (क्लायंटमुळे थेरपिस्टच्या मनात उमटणाऱ्या भावना) मांडलं ते अडथळा म्हणून. १९५०मध्ये मनोविश्लेषक पॉला हायमन म्हणाल्या की थेरपिस्टच्या मनात जे उमटतं, त्यातूनच क्लायंट कळतो. तुम्हाला तो अर्धा मिनिट असह्य झाला ना? कदाचित त्यांच्या घरच्यांनाही होत असेल, आणि तेही असेच बोलत सुटत असतील. सुपरव्हायझरकडे हे न्या. अण्णांचं मात्र तिथे नको, त्यासाठी स्वतःची वेगळी थेरपी घ्या. मी दोन्ही एकाच ठिकाणी उरकायला गेले आणि वर्षभर केसेस राहिल्या बाजूला, माझ्या सासूबाईंवरच चर्चा.

सुपरव्हायझर पुण्या-मुंबईचा ऑनलाइन बघा, ओळखीचा प्रश्नच नाही. सेशन जसंच्या तसं लिहून न्या, गप्प किती वेळ होतात त्यासकट. रेकॉर्डिंग करायचं तर क्लायंटची लेखी संमती घ्या. आणि तपशील बदलले तरी इथे याहून जास्त लिहू नका. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे.

गोदाकाठची: पटलं. त्यांना फोन करू का?

जुनी_वही: फोन नको, माणूस भिडेखातर हो म्हणतो. एक निरोप पाठवा, यायचं-न यायचं त्यांच्यावर सोडा. मागे लागू नका.

गोदाकाठची: काल दुपारी पाठवला. दोन निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही. दुसरा मेसेज दोनदा टाइप करून पुसला.