‘स्पेशियल डिपेंडन्स’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : प्रादेशिक अर्थव्यवस्थांवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. एका भागातला आकडा आसपासच्या भागांतल्या आकड्यांशी जोडलेला असणं, याला त्यात ‘स्पेशियल डिपेंडन्स’ म्हटलंय. ‘स्पेशियल डिपेंडन्स’ला ‘स्थानिक अवलंबित्व’ आणि ‘स्पेशियल लॅग’ला ‘स्थानिक विलंब’ लिहिलं, पण वाचताना खटकतंय. दुसरं काही सुचतं का?

प्रतिसाद १ : ‘स्थानिक’ नकोच. स्थानिक म्हणजे तिथल्या तिथलं, आणि इथे सांगायचंय ते नेमकं उलट : एका जिल्ह्यातली बेकारी हद्दीपाशी थांबत नाही. ‘अवलंबित्व’ही एकतर्फी वाटतं, लेकराचं आईबापांवर असतं तसं. इथे अ चा ब वर परिणाम होतो आणि ब चा अ वर. म्हणून तर साधी न्यूनतम वर्ग पद्धत, म्हणजे आकड्यांवर समीकरण बसवायची नेहमीची रीत, फसते. शेजाऱ्याचा आकडा समीकरणाच्या उजवीकडे घालावा, तर त्यात आपला आकडा आधीच मुरलेला असतो. मी ‘परस्परावलंबन’ म्हणेन.

आणि ‘विलंब’ काढूनच टाका! कालश्रेणीत लॅग म्हणजे मागच्या काळातलं मूल्य. इथे वेळ गेलेलाच नाही. समजा, एका जिल्ह्याला तीन शेजारी आहेत, त्यांची बेकारी ६, ९ आणि १२ टक्के, आणि भार, म्हणजे सरासरीत प्रत्येकाला दिलेलं वजन, सारखे. त्या जिल्ह्याचा लॅग झाला ९. सरळ ‘शेजारसरासरी’ लिहा.

प्रतिसाद २ : शब्द गोड आहे, पण शेजार म्हणजे लागून असलेली हद्दच असं नाही. भारांची सारणी अंतरावरून मांडतात, व्यापारावरून किंवा रोज ये-जा करणाऱ्या कामगारांवरूनही.

प्रतिसाद १ : खरंय, तरी ‘शेजार’ मला सोडवत नाही. भूगोलतज्ज्ञ वॉल्डो टोबलर यांनी १९७० साली मांडलेला नियमही जवळिकीवरच उभा आहे : सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतो, पण जवळच्याचा लांबच्यापेक्षा जास्त. शिवाय हद्दीच्या शेजाराचे प्रकार बुद्धिबळातूनच आलेत. चौकोनी घरांच्या नकाशावर हत्तीच्या नियमाने ४ शेजारी, कारण बाजू लागून हवी. वजिराच्या नियमाने ८, कारण कोपरा टेकला तरी चालतो. ‘हत्ती-शेजार’, ‘वजीर-शेजार’ मराठीत किती सहज बसतात!

प्रतिसाद ३ : एक सावधगिरी बाळगा. ‘शेजारप्रभाव’ हा शब्द सगळीकडे वापरू नका. कधी शेजारी एकमेकांवर काहीच परिणाम करत नसतात, दोघांना एकाच दुष्काळाची झळ बसलेली असते आणि प्रतिमानात, म्हणजे आपण बसवलेल्या समीकरणात, पावसाचा आकडाच नसतो. मग संबंध त्रुटीपदात, म्हणजे समीकरणाला न उलगडलेल्या भागात, उरतो. पाऊस बाकीच्या चलांशी निगडित नसेल तर गुणांक एका बाजूला कलत नाहीत, पण प्रमाण त्रुटी, म्हणजे त्या गुणांकांतल्या अनिश्चिततेची मापं, चुकतात आणि निष्कर्षावर नको तितका भरवसा बसतो. तिथे ‘प्रभाव’ लिहिलंत तर अर्थच बदलेल.

प्रश्नकर्ती : हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. लेखात दोन्ही प्रतिमानं आहेत आणि मी दोन्हीकडे ‘प्रभाव’च लिहिलं होतं. आता मुख्य संज्ञा ‘अवकाशीय परस्परावलंबन’, एकीकडे ‘शेजारसरासरीचा गुणांक’, दुसरीकडे ‘त्रुटींमधला सहसंबंध’ करते. ‘अवकाशीय’ वाचून अंतराळ आठवतं खरं. त्यासाठी पहिल्या परिच्छेदात एक वाक्य घालीन.