भूकंप सहाचाच, पण शहराच्या पायाखाली: नाशिकनं कशाची तयारी करायची?

गोदाकाठचा

२३ नोव्हेंबर २०२२ ला पहाटे चारच्या सुमारास नाशिकच्या पश्चिमेला ८९ किलोमीटरवर ३.६ चा धक्का बसला होता. खोली फक्त ५ किलोमीटर. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर 'साडेतीनचाच होता' एवढं बोलून विषय संपला. मला तो अजून संपलेला वाटत नाही.

आपण सगळे रिश्टरच्या आकड्याकडे बघतो. तो आकडा सांगतो भूकंपात किती ऊर्जा बाहेर पडली. आपल्या घराला किती हादरा बसला, ते ठरतं भूकंप किती लांब आणि किती खोल झाला यावर. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चचं बघा. सप्टेंबर २०१० मध्ये शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर ७.१ चा भूकंप झाला, त्यात घरं पडून कुणी दगावलं नाही. पुढे २२ फेब्रुवारी २०११ ला ६.२ चा झाला. आधीच्यापेक्षा ऊर्जा कितीतरी कमी, पण शहराला अगदी खेटून आणि जेमतेम ५ किलोमीटर खोलीवर. १८५ माणसं गेली. त्यातली ११५ एकाच सहा मजली इमारतीत.

आता आमची इमारत. इंदिरानगरात, नव्वदच्या दशकातली. खाली सगळं पार्किंग, भिंत नाही, नुसते पिलर आणि वर चार मजले. जिन्याजवळच्या पिलरचा गिलावा फुगला होता. मी नखानं उचकटला तर तळहाताएवढी खपली हातात आली आणि आत सळई गंजून तिचे पापुद्रे सुटलेले. कमिटीला दाखवलं. त्यांनी सिमेंट थापून रंग मारून घेतला. तीस वर्षांवरच्या इमारतीची मजबुती तपासून घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. सोसायटीत विचारलं तर कुणाला त्याचा पत्ता नाही. मला या तपासणीबद्दलच बोलायचंय, आणि ती कागदावर उरकलेली नको.

सह्याद्रीचा_दगड

मुद्दा कळकळीचा आहे, पण लोकांना उगाच घाबरवू नका. नाशिक दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसलंय. भूकंपाच्या नकाशात आपण झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्यात. कोयना इथून तीनशे किलोमीटरच्या आसपास, किल्लारी त्याहून लांब. न्यूझीलंड दोन भूपट्टांच्या सीमेवरच आहे, आपण नाही. शिवाय तुम्ही एक गोष्ट गाळलीत. २०१० चा भूकंप पहाटे साडेचारला झाला, रस्ते रिकामे होते. २०११ चा भरदुपारी एकच्या सुमारास. माणसं वाचली त्यात वेळेचाही वाटा आहे.

नाशिकवर दर काही वर्षांनी येतो तो पूर. २०१९ ला गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली तेव्हा माझ्या मेव्हण्याचं सराफ बाजारातलं दुकान गाळानं भरलं होतं. पैसा मोजकाच असेल तर आधी तिकडे लावा.

गोदाकाठचा

वेळेचा मुद्दा मान्य. मी तो लिहायला हवा होता. पण हादऱ्यातही फरक होताच. २०११ ला शहराच्या कडेला जमिनीचा उभा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या दुपटीहून जास्त मोजला गेला. आणि भूपट्टाची सीमा लांब म्हणजे आपण सुरक्षित, हे तर किल्लारीनंच खोटं पाडलंय.

औसा_ते_अंबड

किल्लारीचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो, आमचं गाव औसा तालुक्यातच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते, लोक दमून गाढ झोपले होते. भूकंप ६.२ चा, खोली दहा किलोमीटरच्या आतबाहेर. सुमारे दहा हजार माणसं गेली. आणि दगडवाले भाऊ, त्या वेळच्या नकाशात आमचा भाग झोन एकमध्ये होता. सगळ्यात कमी धोक्याचा!

आमचं घर माळवदाचं. भिंती दोन-दोन हात रुंद, बाहेरून दगड, आतून दगड, मधे गोटे आणि माती. दोन्ही अंगांना सांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड कुठंच नाही. माळवद गळू नये म्हणून वडील दर वर्षी वर पांढऱ्या मातीचा थर द्यायचे. आजोबाही द्यायचे. त्या मातीचं वजन किती झालंय याचा हिशोब कुणी केला नव्हता. हादरा बसला तशा भिंती पोटातून फुटून दोन्हीकडं पडल्या आणि ते सगळं छत आमच्या अंगावर आलं. मला चुलत्यांनी उकरून काढलं. आजी आणि धाकटी बहीण राहिली नाहीत. गोठ्यावर नुसता पत्रा होता, दोन्ही बैल दावणीला जिवंत उभे होते.

पाषाण तिथंही तोच आहे, काळाच. खालच्या दगडावर विश्वास ठेवून झोपू नका, एवढंच माझं म्हणणं.

वाडेकरी_भद्रकाली

दादा, तुमचं वाचून हात थांबले. तरीही लिहितो, कारण अशा चर्चेचा शेवट आमच्या दारात होतो. दर पावसाळ्याच्या तोंडावर वाड्याला 'धोकादायक' म्हणून नोटीस लागते. मालकाला भाडेकरू बाहेर हवेत, भाडेकरूला हक्क सोडायचा नाही, दुरुस्तीला कुणीच हात लावत नाही. आता भूकंपाची भीती घातली की बिल्डरला आणखी एक कारण मिळेल. आमच्या वाड्यात सागवानी खांब आहेत, तुळया आहेत, वर कडीपाट आहे. चार पिढ्या नांदल्या. तुमच्या तीस वर्षांच्या इमारतीची सळई गंजली, आमचं लाकूड उभं आहे. मग धोकादायक कोण?

साइटवरचा

मी इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो, सव्वीस वर्षं झाली. काका, तुमचं निम्मं बरोबर आहे. लाकडी सांगाडा लवतो, करकरतो, पण एकदम कोसळत नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छच्या बन्नी भागातले भुंगे, म्हणजे मातीची गोल घरं, तगून राहिले आणि केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. त्यातल्या बऱ्याच गोदाकाठच्यांच्या इमारतीसारख्याच, खाली मोकळं पार्किंग. वर भिंतींमुळे ताठ, खाली नुसते पाय. सगळा हादरा त्या पायांच्या गुडघ्यात जातो.

पिलरमध्ये खरा जीव रिंगांत, म्हणजे उभ्या सळयांना बाहेरून वेढणाऱ्या आडव्या सळयांत असतो. रिंगेची टोकं नीट आत, काँक्रीटच्या गाभ्याकडं वळवलेली हवीत. काटकोनात वाकवून सोडली की जोराच्या हादऱ्यात गिलावा उडतो, रिंग उलगडते, उभ्या सळया बाहेरच्या बाजूला फुगतात आणि पिलर बसतो. साइटवर वळवायला कंटाळा करतात, कारण काँक्रीट भरल्यावर ते कुणाला दिसत नाही. जुन्या इमारतीत पिलरभोवती नव्या सळया-रिंगांचं जॅकेट करता येतं, पार्किंगच्या काही गाळ्यांत भिंती घालता येतात. दोन्ही कामं माणसं राहत असताना होतात. गंजावर सिमेंट थापून रंग मारणं मात्र सगळ्यात वाईट, आजार आत वाढत राहतो.

काका, आता उरलेलं निम्मं. वाड्याचे खांब चांगले, पण ते ज्या दगडी तळखड्यावर टेकलेत तिथं ओल धरते. खांबाच्या बुडाशी स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा, किती आत जातो ते सांगा. आणि माडीवर नंतर कुणी फरशी घातली असेल, पाण्याची टाकी चढवली असेल, तर तेही.

सह्याद्रीचा_दगड

किल्लारीबद्दल मी हलकेपणानं लिहिलं, वाईट वाटतं. झोनचा दाखला मागे घेतो. पूर आधी, हे मत मात्र तसंच आहे. फक्त इमारत तपासायला महापालिकेचा पैसा लागत नाही, सोसायटीचा लागतो, हे साइटवरच्यांचं वाचताना लक्षात आलं. आमची गंगापूर रोडची इमारत १९९१ ची आहे.

वाडेकरी_भद्रकाली

बघून आलो. चौकातले सहा खांब ठणठणीत. न्हाणीजवळच्या खांबात मात्र स्क्रू-ड्रायव्हर तीन बोटं आत गेला, आत भुसा. त्याच्या बरोब्बर वर माडीवर पाचशे लिटरची टाकी आहे, ती मीच बसवली होती.

साइटवरचा

काका, टाकी आजच रिकामी करा. मालकाच्या सहीची वाट बघू नका. तुळईखाली दोन लोखंडी टेकू लावायचे आहेत, उद्या सकाळी मी माणूस घेऊन येतो. तोवर न्हाणीकडच्या खोलीत कुणी झोपू नका.